संहितेशिवाय रंगमंचावर: इम्प्रोव्हची सुरुवात कशी करावी

इम्प्रोव्ह म्हणजे उत्स्फूर्त नाट्य. त्यात पाठांतर नसतं, ठरलेले संवाद नसतात. प्रवेश प्रेक्षकांसमोर, त्याच क्षणी उभा राहतो. हे फक्त हजरजबाबी माणसांना जमतं असा समज आहे. खरं तर सुरुवातीला अडखळतात ते हजरजबाबीच, कारण त्यांचा कान समोरच्याकडे नसतो, स्वतःच्या पुढच्या वाक्याकडे असतो. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी रचलेल्या नाट्यखेळांचा गाभाही हाच होता: खेळणाऱ्याचं लक्ष स्वतःवरून काढून हातातल्या कामावर लावायचं. पुढे त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘द सेकंड सिटी’ हे इम्प्रोव्हवर उभं राहिलेलं थिएटर सुरू केलं, तेव्हा त्यामागे हे खेळ होते.

१. माणसं जमवा

चार ते सहा जण, एक रिकामी खोली आणि दोन खुर्च्या पुरेत. आळीपाळीने एकाने बाहेर बसून फक्त पाहायचं आणि वेळ सांभाळायची.

आधी गोलात उभं राहून एकेक शब्द जोडत गोष्ट रचा. गोष्ट ‘माकड’ या शब्दापर्यंत आली की तुमच्या मनात ‘झाडावर’ तयार असतं, आणि शेजारी ‘विमानतळावर’ म्हणून मोकळा होतो. आता तुम्हाला ‘उतरलं’ म्हणावं लागतं. मनातलं झाड कुरकुर न करता सोडून देणं, हाच यातला व्यायाम. दहा मिनिटं खेळा.

२. ‘हो, आणि’

समोरच्याने मांडलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे ऑफर. ती खरी धरायची आणि तिच्यात आपली भर घालायची. समजा, एक जण म्हणतो: “डॉक्टर, कालपासून माझी सावली दिसत नाहीये.”

दुसरा म्हणाला, “मी डॉक्टर नाही, प्लंबर आहे,” तर हशा नक्की मिळेल. पण सावली गेली, दवाखाना गेला आणि पहिला खेळाडू उघडा पडला. याला ब्लॉक करणं म्हणतात. त्याऐवजी:

“हो, सकाळीच येऊन गेली ती. तुमची तक्रार करत होती.”
“काय म्हणाली?”
“तुम्ही दिवसभर बसून असता. तिला व्यायाम होत नाही.”

तीन वाक्यांत दोन माणसं, एक जागा आणि एक भांडण हाती आलं. एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो: ‘हो’ म्हणायचं ते प्रवेशातल्या वास्तवाला, पात्राच्या प्रत्येक मागणीला नव्हे. “मी तिची माफी मागणार नाही!” असं रुग्ण खुशाल म्हणू शकतो, कारण सावली रागावली आहे हे त्याने मान्यच केलंय. आणि खेळाडू म्हणून नको वाटणारा स्पर्श किंवा विषय आला, तर प्रवेश तिथेच थांबवायचा. ते आधीच बोलून ठेवा.

३. कानाला कामाला लावा

जोडीदाराच्या वाक्यातला शेवटचा महत्त्वाचा शब्द उचलून आपलं वाक्य सुरू करा. (अगदी शेवटचा शब्द घेतला तर मराठीत नुसती क्रियापदं हाती लागतात.) बोलणं मंदावेल, कृत्रिम वाटेल. वाटू द्या. वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागतं, हा त्याचा फायदा.

४. विनोद सोडा, विचित्र गोष्ट धरा

प्रवेशात पहिली विचित्र गोष्ट कोणती घडली? इथे सावलीला स्वतःचं मन आहे. मग स्वतःला विचारा: हे खरं असेल, तर आणखी काय खरं असेल? बाहेर बाकावर आणखी दोन सावल्या नंबर लावून बसल्या असतील. डॉक्टर रात्रीच्या पाळीला नाही म्हणत असतील, कारण अंधारात पेशंट सापडत नाहीत. खेळाडू याला प्रवेशाचा ‘गेम’ म्हणतात. नवशिके इथेच घाई करतात आणि सावलीच्या जोडीला परग्रहवासी आणि बोलकी मांजरही आणतात. एकच विचित्र गोष्ट वाढवत न्या.

५. पायरी बदला

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि पुढे कॅनडातल्या कॅल्गरीत शिकवणाऱ्या कीथ जॉन्स्टन यांनी ‘स्टेटस’वर फार भर दिला: कोण कोणाच्या वर, कोण खाली. तोच दवाखाना पुन्हा खेळा, पण या वेळी डॉक्टर दबलेला आणि रुग्ण वरचढ. शब्द तेच ठेवून फक्त डोकं स्थिर ठेवा, नजर रोखा किंवा चुकवा, सावकाश बोला. मला विचाराल तर सगळ्या सरावात हा सर्वांत मोलाचा, कारण आपण एरवी कोणासमोर किती आकसतो ते इथे आपल्याच अंगाला कळतं.

६. एका वेळी एकच सुधारणा

आत्मविश्वास वाढावा म्हणून इम्प्रोव्हकडे येणारे बरेच असतात. यावं, पण ‘आत्मविश्वास’ हे तालमीचं ध्येय होऊ शकत नाही. ते मोजणार कसं? आजच्या तालमीपुरतं एक ठरवा: मी प्रश्नांऐवजी माहिती देईन, किंवा समोरच्याला मधेच तोडणार नाही. बाहेर बसलेल्याला तेवढंच पाहायला सांगा. शेवटी प्रत्येकाला एकच सूचना, तीही आपण काय केलं याबद्दल. कोण किती विनोदी होतं याबद्दल नाही. फसलेल्या प्रवेशाची कारणमीमांसा पाच मिनिटांत आवरा आणि पुढचा सुरू करा.

७. मग प्रेक्षक

पहिला प्रयोग ओळखीच्या लोकांसमोर, पंधरा-वीस मिनिटांचा ठेवा. प्रवेश ऐन रंगात आला की बाजूला उभ्या खेळाडूने खेळणाऱ्यांच्या समोरून धावत जायचं. हा प्रवेश संपल्याचा इशारा, आणि तो थोडा लवकर आलेलाच बरा. प्रवेशासाठी विषय मागताना प्रेक्षकांना सुरुवातीला नुसतं “एक शब्द द्या” म्हणू नका. लोक गोंधळतात किंवा अचकट काहीतरी ओरडतात. “पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली कोणती वस्तू लपवता?” असं विचारा, आणि पहिलं ऐकू आलेलं उत्तर घ्या.