स्नॉर्कलचा श्वास कोंडून बघा

थारला स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) बसवला, पण एखाद्या जोडात फट राहिली, तर ओढ्यात इंजिन तिथूनच पाणी ओढतं. बाहेरून काहीच कळत नाही. पाण्यात उतरण्याआधी घरीच तपासा:

१. सीलंट पूर्ण वाळू द्या. घाई नको, एक रात्र जाऊ दे.

२. वरचं टोपण, म्हणजे हवा आत घेणारं डोकं, काढा. त्याला पावसाचं पाणी निथळायला भोकं असतात, ती हवा आत सोडतात.

३. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू करा. नळीच्या तोंडावर रबराचा तुकडा लावलेली सपाट फळी दाबून धरा. तळहात लावू नका.

४. इंजिन गुदमरून बंद पडलं की काम फत्ते. चालूच राहिलं तर बॉनेटखाली सूं आवाज कुठे येतोय ते ऐका. बहुतेकदा एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी निथळायचं भोक उघडं असतं. नाहीतर रबरी नळीचा क्लॅम्प सैल.

तपासताना रेस अजिबात देऊ नका. आणि स्नॉर्कल आहे म्हणून छतापर्यंत पाण्यात शिरू नका: थारची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिमी, आणि वायरिंग, डिफरन्शियलचे ब्रीदर (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची हवा सोडणारी भोकं) स्नॉर्कलच्या तोंडापेक्षा खालीच असतात.