चालू होऊन बंद पडणारी जुनी गाडी : पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

सेल्फ मारला की गाडी चालू होते, थोडा वेळ चालते आणि बंद पडते. पुन्हा सेल्फ मारला की जसे काही झालेच नाही. तालुक्याच्या गॅरेजात नेईपर्यंत ती अगदी शहाण्यासारखी चालते, आणि मग अंदाजाने प्लग, कॉइल, पंप एकेक करून बदलले जातात. जुन्या मारुती ८००, ओम्नी किंवा पद्मिनीवर असा खर्च गाडीच्या किमतीला भिडायला वेळ लागत नाही. खरे तर बिघाड कुठे आहे ते गाडी दर वेळी सांगत असते. ती किती वेळाने आणि कशी बंद पडते, एवढे फक्त बघायचे.

कशी बंद पडली ते न बघणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. किल्ली फिरवून बंद करावी तशी गाडी झटक्यात बंद पडली, तर बहुधा करंट तुटला आहे : इग्निशन स्विच, कॉइल, सेन्सर, रिले किंवा वायर. गचके देत, गुदमरत बंद पडली तर पेट्रोल किंवा हवेचा घोळ. डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवा. इंजिन थंड होते की गरम, किती मिनिटांनी बंद पडले, टाकीत पेट्रोल किती होते, गॅसवर होती की पेट्रोलवर, एवढे लिहा. तीन-चार नोंदींत नमुना दिसायला लागतो.

किल्ली सोडताच बंद पडत असेल तर पंपाकडे बघूच नका. पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या काळातल्या काही गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला थेट करंट मिळतो आणि किल्ली सोडली की तो बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या भागातून येतो. रेझिस्टर तुटला की सेल्फवर इंजिन धडधडते आणि किल्ली मागे येताच बंद होते. कॉइलच्या प्लसवर टेस्ट लॅम्प लावा. सेल्फ मारताना लागला आणि किल्ली सोडल्यावर विझला, तर दोष रेझिस्टरचा किंवा इग्निशन स्विचचा. किल्लीला घराच्या, वावरातल्या मोटरच्या अशा दहा किल्ल्या लोंबत असतील तर आधी स्विचवर संशय घ्या. किल्ली हलकेच हलवून इंजिन बंद पडते का ते पाहा.

एक-दोन सेकंद चालून बंद होते आणि किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो? तो इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा आहे, त्याला किल्लीतली चिप ओळखता येत नाही. दुसरी किल्ली लावून पाहा. चिपच्या दोन किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्या तरी असे होते.

रेस वाढवून झाकणे

गाडी थंडीत सकाळी चालू होऊन वीस-तीस सेकंदांत बसते, म्हणून स्लोचा (रेस न देता इंजिन चालते त्या वेगाचा) स्क्रू पिळून रेस वाढवली जाते. याने लक्षण झाकले जाते आणि पेट्रोल जास्त जळते. त्याऐवजी ही एक परीक्षा करा. हलकी रेस देऊन ठेवा, १५०० आरपीएमच्या आसपास. रेसवर टिकते आणि सोडली की बसते, तर स्लोचा मार्ग बंद आहे. रेस असूनही बसते, तर पेट्रोल किंवा स्पार्कच पोचत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत स्लोसाठी बहुधा एक सोलेनॉइड (करंटवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) असतो. किल्ली ऑन ठेवून त्याची वायर काढा आणि परत टेकवा. टक असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही पण वायरीत १२ व्होल्ट आहेत, तर सोलेनॉइड गेला. वायरीतच करंट नसेल तर फ्यूज आणि वायर बघा. सोलेनॉइड ठीक असेल तर स्लो जेटमध्ये कचरा असतो. तो तारेने कोरू नका. पितळेचे भोक वाढते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. कार्ब क्लीनर मारून हवेच्या प्रेशरने साफ करा.

इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवर काजळी बसते. ती साफ करा, पण थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवू नका. ब्रेक बूस्टरला जाणारा किंवा इनटेकवरचा एखादा रबरी पाइप तडकलेला असतो, तिथून हवा ओढली जाते. स्लोवर पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारा. कुठे आवाज बदलला, तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर तो सरळ आगीचा खेळ आहे.

गरम झालेली गाडी थंड करून मग तपासणे

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दहा-वीस मिनिटे चालून बंद पडणे आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणे, ही तक्रार उन्हाळ्यात सगळ्यात जास्त. लोक झाडाखाली थांबतात, गाडी थंड होते आणि पुरावाही थंड होतो. तपासायचे ते बंद पडल्या पडल्या, याच क्रमाने.

आधी टाकीचे झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर ते बुजतेच.

मग स्पार्क. जास्तीचा एक प्लग वायरीला लावा, त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवून क्लिपने बसवा (हातात धरू नका, जवळ पेट्रोलचा पाइप उघडा नको) आणि सेल्फ मारा. स्पार्क नसेल तर कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर गरम होऊन सोडतो आहे. कॉइल हाताला गरम लागते म्हणून ती खराब, असे नाही. चालू गाडीत ती गरम असतेच. गाडी गरम असतानाच चांगली कॉइल जोडून फरक बघा.

स्पार्क असेल तर पेट्रोल. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर टाकीतला पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो. एकाने टाकीपाशी कान द्यावा. आवाज नाही तर आधी रिले आणि फ्यूज, मग पंप. टाकी सतत पाव भागाखाली ठेवू नका. हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनवरच्या पंपावर ओले फडके ठेवा. दोन मिनिटांत चालू झाली तर पेट्रोलची वाफ अडकली होती. पाइप सायलेन्सरच्या बाजूने गेला असेल तो दूर बांधा.

पेट्रोलचाही भरवसा धरू नका. गावातल्या दुकानातून बाटलीने घेतलेले पेट्रोल असेल तर त्यातले थोडे पारदर्शक बाटलीत दहा मिनिटे स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला की पाणी आहे. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी पडले की इथेनॉलही त्याच्यासोबत तळाला जाते, म्हणून थर पडलेल्या पाण्यापेक्षा मोठा दिसतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप २० टक्के इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते मऊ पडतात, आतून सुटतात आणि तुकडे फिल्टरात जातात. पाइप आणि फिल्टर सोबतच बदला, फिल्टरवरचा बाण इंजिनच्या दिशेने ठेवा.

उंदीर, अर्थ आणि बॅटरी

गाडी कोठ्यात किंवा कापसाच्या गंजीजवळ उभी राहते तिथे उंदीर हमखास वायर कुरतडतात. वरून वायर साबूत दिसते, आत एखादाच तार उरलेला असतो. इंजिन स्लोवर ठेवून वायरिंगचा एकेक जुडगा हलवा. जिथे इंजिन अडखळले, तिथे टेप सोडून बघा.

इंजिनचा अर्थ सैल असेल तरी अशीच तक्रार येते. मल्टिमीटरची एक पिन इंजिनवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावा आणि सेल्फ मारा. ०.५ व्होल्टच्या वर गेले तर अर्थची पट्टी सोडून घासून बसवा.

एक घातक सवय मात्र आजच सोडा : डायनॅमो चालतो का बघायला चालू इंजिनात बॅटरीची वायर काढणे. इंजेक्शनच्या गाडीत व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

गॅस आणि डिझेल

गॅस किटची ओम्नी फक्त गॅसवर बंद पडत असेल तर गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर बघा, आणि रेडिएटरचे पाणीही. पाणी कमी असले की रिड्यूसर गोठतो. दोन्हीवर बंद पडत असेल तर स्पार्ककडे वळा.

जुनी डिझेल गाडी रात्रभर उभी राहून सकाळी चालू होते, अर्ध्या मिनिटात बसते आणि हातपंप मारला की पुन्हा चालते, तर लाइनीत हवा शिरते आहे. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा लावा. बुडबुडे दिसले तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचे वॉशर आणि क्लॅम्प तपासा. फिल्टरखालचा नटही सोडून पाणी काढा.

दुरुस्तीनंतर गाडी गॅरेजच्या सावलीत पाच मिनिटे चालवून पैसे देऊ नका. दुपारी गरम होऊन बंद पडत होती तर दुपारीच, तेवढेच अंतर, तेवढ्याच पेट्रोलवर चालवून बघा. आणि चालत्या गाडीत बंद पडली तर ब्रेक वारंवार मारू नका. बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल इतकीच ओढ (व्हॅक्यूम) उरते. एकदाच नेटाने दाबून कडेला घ्या.