लंगरची डाळ कच्ची लागली तर काय करायचं

फौजेतून सुट्टीवर आलेलं पोरगं आमच्या पारावर टेकलं की तिसऱ्या वाक्याला लंगरवर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरावर येतं. "काका, जेवण लई बेकार." मी विचारतो, काय बेकार? डाळ का चपाती? रोज, का ठरावीक दिवशी? पोरगं डोकं खाजवतं. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली मी. त्यातली दोन लंगर कमांडर होतो, म्हणजे सगळ्या कंपनीच्या शिव्या खायची ड्युटी. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी आठ दिवस फक्त बघा आणि खिशातल्या वहीत टिपा. "सोमवार, रात्र, चण्याची डाळ, दाणा दाताखाली येतो." "बुधवार, चपाती ओलसर, कडा कच्च्या." एवढंच. कुकचं नाव नको, शेरा नको. अशी वही असली की सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) साहेबांना हात झटकता येत नाहीत.

मग दोष कुठे आहे ते हुडका. राशन आर्मी सर्व्हिस कोअरच्या सप्लाय डेपोतून निघतं, पलटणीचा क्वार्टर मास्टर ते उचलतो, तिथून कंपनीच्या स्टोअरला, मग लंगरला, मग तुमच्या थाळीत. शिव्या मात्र शेवटच्या माणसाला, कारण पळी त्याच्या हातात दिसते.

माझंच सांगतो. चौदा हजार फुटांवरची पोस्ट होती. राजमा रोज कडक. पोरं कुकवर इतकी भडकली, की एकाने थाळी त्याच्यासमोर पालथी केली. मी पहाटे लंगरमध्ये जाऊन बसलो. कुक बिचारा तीनला उठलेला, राजमा रात्रभर भिजवलेला, स्टोव्ह फरफरतोय. पण कुकरच्या झाकणाच्या कडेने वाफ सगळीकडून सुटत होती. गॅस्केट काढून बघितलं तर प्लास्टिकसारखं ताठ झालेलं, दोन ठिकाणी चिरलेलं. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. कुकरमध्ये दाब धरला नाही तर राजमा दिवसभर रटरटला तरी आतून खडाच. मागणीचा कागद वर पाठवला, तो महिनाभर वरच राहिला. शेवटी सुट्टीवरून परतणाऱ्या पोराला पैसे दिले, त्याने बाजारातून चार गॅस्केटं आणली. दुसऱ्या दिवशी राजमा लोण्यासारखा. थाळी पालथी करणारा गडी आठवडाभर कुकची नजर चुकवत होता.

चपातीचंही तसंच. शंभर माणसांच्या चपात्या स्टीलच्या डब्यात गरम गरम रचून झाकण लावलं, की खालच्या घामेजतात. फडकं घातलेली टोपली आणि दोन घाण्यांत लाटणं, एवढ्यावर काम होतं. हे सांगायला दरबाराची, म्हणजे साहेब सगळ्या जवानांचं ऐकून घेतात त्या सभेची वाट बघू नका, लंगरमध्ये जाऊन "उस्ताद" म्हणून सांगा.

मालच खराब असेल तर प्रश्न वेगळा. ताजी भाजी उचलायला फॅटिगमध्ये, म्हणजे अंगमेहनतीच्या ड्युटीवर जायची पाळी आली तर कुरकुर करू नका, डोळे उघडे ठेवा. कांद्याच्या पोत्यात हात कोपरापर्यंत घाला. वर सुका आणि खाली सडका, ही जुनी गंमत आहे. वजन काट्यावर बघा, मातीसकट नको. टिनवरची आणि पोत्यावरची तारीख वाचा. मुदत उलटलेलं राशन जवानांच्या थाळीत गेल्याचं कॅगने लष्करी राशनवरच्या अहवालात लिहिलं होतं, तेव्हा तारीख विचारली म्हणून कुणी तुम्हाला वेड्यात काढलं तर काढू द्या.

एक चलाखी सांगून ठेवतो. ड्युटी ऑफिसर जेवण चाखायला येतात आणि रजिस्टरवर सही करतात. त्यांच्यासाठी वाटी आधीच भरलेली असते, वरून तुपाची फोडणी. मी लंगर कमांडर असताना ती वाटी बंद केली. साहेब आले की रिकामी वाटी आणि पळी हातात द्यायची, "साहब, तळातून घ्या." पहिल्या दिवशी क्वार्टर मास्टरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता तक्रार. आधी सेक्शन कमांडर, मग सीएचएम. मेसिंगच्या, म्हणजे जेवणखाणाच्या मीटिंगला कंपनीचा माणूस जातो, त्याच्याजवळ वहीतलं पान द्या. दरबारात उठायचं तर एकच मुद्दा, दोन वाक्यांत. तरी हललं नाही तर अर्जी रिपोर्टवर, म्हणजे रीतसर भेट मागून, कंपनी कमांडरसमोर जाता येतं. त्याच्यापुढे सैन्य अधिनियम १९५० चं कलम २६ आहे, अन्याय झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायचा हक्क देणारं. पण त्याच कायद्यात कलम ५६ पण आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर शिक्षा. म्हणून वही.

अर्ज एकट्याचा, स्वतःच्या सहीचा. दहा जणांनी मिळून सह्या केल्या, किंवा सगळ्यांनी थाळीच घेतली नाही, की मामला जेवणाचा राहत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' तळावर नौसैनिकांनी खराब नाश्ता नाकारला आणि बघता बघता मुंबईचं बंदर पेटलं. ते इंग्रजांचं राज्य होतं, त्या पोरांना माझा सलाम. पण तुमच्या कंपनीत तसं झालं तर चौकशी डाळीची होणार नाही, तुमची होईल.

आणि मोबाईल काढू नका. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पाण्यासारखी डाळ आणि जळकी रोटी व्हिडिओत दाखवली. देशभर गाजलं, आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. तसली डाळ मीही खाल्लीय, त्यामुळे त्याला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी माझ्या पोराला मी तो रस्ता सांगणार नाही.

चव हा भाग वेगळा, त्याला तक्रार म्हणू नका. आपल्याला भाकरी पाहिजे असते. २०२३ पासून सेनेच्या राशनमध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी परत आलीय, गहू-तांदळाच्या हक्काच्या वाट्यातला चौथ्या हिश्श्यापर्यंतचा भाग बदलून घेता येतो. मागा. फक्त बिहारचा कुक ते पीठ गार पाण्यात मळणार आणि भाकरी तव्यावर चिरफळ्या होणार. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे चिकटपणा गेलेला असतो, त्याला कढत पाणीच लागतं. रविवारी बाह्या सरसावून शेजारी उभे राहा, पहिल्या चार स्वतः थापून दाखवा. आणि सुट्टीवरून येताना ठेच्याची बरणी आणली तर निम्मी लंगरमध्ये द्या. कुकला आधी थोडासाच चाखायला सांगा, आमच्याकडच्याने चमचाभर तोंडात घातला होता.