लग्नाचे हार-गजरे: नागपूरच्या उन्हात या चुका टाळा

मोबाइलमधला फोटो दाखवून "असाच हार पाहिजे" म्हणणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फोटोतला हार एसी हॉलमधला असतो आणि आपलं लग्न असतं मे महिन्यात, लॉनवर, पारा ४५ च्या घरात. फुलवाल्याला आधी महिना सांगा, मुहूर्ताची वेळ सांगा, मांडव उघडा की हॉल बंद तेही सांगा. रंगाचं बोलणं त्यानंतर.

ओवलेल्या फुलाला पाणी प्यायची सोय नसते. पातळ पाकळीचं फूल म्हणूनच आधी मान टाकतं. उन्हाळ्यात नुसत्या गुलाबपाकळ्यांचा हार मंगलाष्टकं संपेपर्यंत काळवंडायला लागतो. त्यापेक्षा ऑर्किड किंवा निशिगंधाच्या कळ्या घ्या आणि गुलाब मधेमधे ओवायला सांगा. डिसेंबरातल्या लग्नाला मात्र मोगऱ्याचा हट्ट नको. तेव्हा शेवंती जोरात असते आणि टिकतेही भरपूर.

मोगऱ्याच्या गजऱ्यात हमखास फसगत होते. सकाळी बर्डीवरच्या नेताजी फूल मार्केटमधून टप्पोरा उमललेला गजरा आणला, तर गोरज मुहूर्ताला तो पिवळा पडलेला दिसणार. घट्ट, पांढऱ्याशुभ्र कळ्यांचा घ्या. मोगरा दिवेलागणीलाच उमलतो, त्यामुळे तो नवरीच्या अंबाड्यातच फुलतो. हिरवट, बारीक कळी मात्र नको, ती तोडल्यावर नीट उमलत नाही.

आणलेला गजरा ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. पाणी कापडावर शिंपडा, फुलांवर नाही. साचलेल्या पाण्याने पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर आधी आंबे बाहेर काढा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि फुलं लवकर म्हातारी होतात. ऑर्किडला तर घरच्या फ्रीजची थंडीही सोसत नाही, त्याचा हार सावलीतच बरा. लॉनवर पोचल्यावर हाराचं ताट कूलरच्या तोंडाशी ठेवायची खोड पण सोडा. सतत जोराचा वारा लागला की उघडी फुलं सुकतात.

वरातीत वरमाला घालून मिरवू नका. घोड्यावर नवरदेवाला झेंडूचा साधा हार पुरे, खरी वरमाला लग्न लागेपर्यंत डब्यातच राहू द्या.

मापाचा विचार तर कोणी करतच नाही. नवरदेवाच्या डोक्यावर फेटा, फेट्याला तुरा, आणि हाराचा गळा अरुंद. अंतरपाट सरकला की नवरी हात उंचावते, हार तुऱ्यात अडकतो आणि मामालोक ओढाताण करतात. ऑर्डर देतानाच फेटा बांधलेल्या डोक्याचं माप द्या. जाड, वजनदार हार नवरीच्या दागिन्यांतही गुंततो. दोरा तुटलाच तर गाठ मारायला सुई-दोरा करवलीच्या पर्समध्ये असू द्या.

रंगवलेली निळी-जांभळी फुलं घेणार असाल, तर ओल्या पांढऱ्या रुमालावर आधी घासून पाहा. घामाने तो रंग शेरवानीवर उतरतो.

हातातल्या गुच्छात लिली असेल तर तिचे केशर आधीच खुडून टाका. तरी शालूवर पिवळी पूड सांडलीच, तर बोटाने पुसू नका, पाणी तर मुळीच लावू नका. हलक्या हाताने झटका आणि उरलेली चिकटपट्टीने टिपून घ्या.