हॉस्टेलवरच्या पोरांना साथीच्या काळात हात धुवायला कसं लावायचं

हॉस्टेलवर ताप, जुलाब, डोळे येणं असं काही सुरू झालं की सगळे आधी पोस्टर लावतात, पण हात धुवावेत हे प्रत्येक पोराला माहितीच असतं हो, अडतं ते दुसरीकडे. म्हणून तुम्ही मेस कमिटीत असा नाहीतर एनएसएसला, सुरुवात बेसिनपासून करा.

ताट उचलायच्या आधी वाटेतच बेसिन लागलं पाहिजे आणि तिथे साबण पाहिजे, रोज. वडी दोन दिवसात गायब होते, त्यामुळे लिक्विडची बाटली तारेने नळाला बांधून टाका आणि ती भरायचं काम एकाच्याच नावावर लावा, 'सगळ्यांनी बघा' म्हटलं की कोणीच बघत नाही. 20 सेकंद चोळून धुवायचे. सॅनिटायझर ठेवला तर त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल हवं, पण उलट्या-जुलाबाची साथ असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, तिथे साबण-पाणीच.

मग सिनियर. फायनल इयरची चार पोरं मेसमध्ये आल्यावर सरळ बेसिनकडे गेली की फर्स्ट इयरवाले आपोआप मागे जातात, म्हणून आधी त्यांच्याशी बोला, नोटीस नंतर. आणि खोकणाऱ्या पोराने मास्क घातला की "काय रे, कोरोना का?" म्हणून त्याची खेचतात आणि तो मास्क खिशात जातो, हे सिनियरनी एकदा दटावलं तरी पुरतं.

विशीत 'आपल्याला काय होतंय' असंच वाटत असतं. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले तेव्हा पाणी उकळून प्या असं सांगितलं गेलं, आणि अशी बातमी आपल्याच एरियातली असली की माणूस ऐकतो. तेच वापरा. "बी विंगमध्ये तिघांना जुलाब, पाणी उकळलेलंच प्या" एवढाच मेसेज ग्रुपवर टाका, नावं अजिबात नकोत, नाहीतर पुढच्या वेळी कोणी आजार सांगणारच नाही.

सगळ्यात मोठी अडचण अटेंडन्सची, आणि यावर कोणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. 75 टक्क्यांची टांगती तलवार असली की पोरगं तापातही लेक्चरला येऊन बसणार, शेजारच्याला देणार, यात त्याचा दोष नाही. एचओडींकडे दोघं-तिघं मिळून जा, साथीच्या दिवसात रेक्टरच्या चिठ्ठीवर सूट मागा, सबमिशनची तारीखही पुढे ढकलून मागा. औषध न घेता ताप जाऊन 24 तास होईपर्यंत रूमवरच थांबायचं, आणि डबा रूमवर पोचवायचं काम पार्टनरकडे.

डेंग्यूचं वेगळं. एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसात त्या अंड्यांचे डास होतात, म्हणून कूलर, बादल्या, कुंड्यांच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. रविवारी फीस्टच्या आधी करून घ्या, तेव्हा सगळे जागेवर असतात.