ओल्या सोयाबीनचा ढीग ताडपत्रीखाली कोंडू नका

हस्ताचा पाऊस अजून सरलेला नाही आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल, करवीर, हातकणंगले, शिरोळ भागांत सोयाबीनची कापणी सुरू झाली आहे. दुपारनंतर आभाळ भरून येताच कापलेले पीक घाईने गोळा करायचे, त्याचा डोक्याइतका उंच ढीग लावायचा, ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीला टेकवून कडेला दगड ठेवायचे आणि मळणी यंत्राची पाळी येईपर्यंत चार-पाच दिवस तिकडे पाहायचेच नाही, या एका चुकीने हातातोंडाशी आलेला माल काळा पडताना मी दरवर्षी पाहत आलो आहे. पावसात भिजलेले सोयाबीन कडक उन्हात बऱ्याच अंशी सावरते, पण ढिगात तापलेला दाणा पुन्हा सुधारत नाही.

कागल तालुक्यातील एका शेतावर पाचव्या दिवशी ताडपत्री उचलली, तेव्हा आतून वाफ आणि आंबूस वास आला. ढिगात कोपरापर्यंत घातलेला हात आत ठेववेना. वरच्या शेंगा खडखडीत होत्या, पोटातल्या शेंगांवर मात्र पांढरी बुरशी चढली होती. मळणी सगळ्याची एकत्रच झाली आणि चांगला मालही डागी ठरला. कापल्यानंतरही ओला दाणा श्वसन करतो, त्यातून उष्णता आणि पाणी बाहेर पडते आणि त्याला वाट मिळाली नाही की बुरशी वाढते.

ढीग लावणे भागच असेल, तर तो उंचवट्यावर, खाली लाकडे घालून, कमरेच्या वर न जाईल असा लावावा. ताडपत्री फक्त माथ्यावर घ्यावी, खालचा हातभर भाग मोकळा ठेवावा आणि पाऊस थांबताच, मग रात्र असली तरी, ती काढावी. रोज सकाळी ढिगाच्या पोटात हात घालावा आणि कोमट लागले तर त्याच दिवशी पीक पसरावे. याला शिफारशीचा आधार नाही, पण हाताने मला आजवर फसवलेले नाही.

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या 2015 च्या अहवालात सोयाबीनचे काढणीतले आणि काढणीनंतरचे मिळून नुकसान 9.96 टक्के नोंदले आहे, म्हणजे दहा पोत्यांतले जवळजवळ एक पोते.

नेहमीची कामे:
- 95 टक्के शेंगा तपकिरी झाल्यावर कापणी.
- मळणीवेळी ओलावा 13 ते 14 टक्के.
- बियाण्यासाठी यंत्राचे फेरे मिनिटाला 300 ते 400.
- विक्रीसाठी ओलावा 12 टक्क्यांपर्यंत.
- पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर.

वाळवल्याने वजन घटते, म्हणून ओलाच माल अडत दुकानात नेणारे बरेच आहेत. 18 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 12 टक्क्यांवर आणला तर सुमारे 93 किलो भरतो आणि गेलेले सात किलो निव्वळ पाणी असते. ओल्या मालाला व्यापारी वजनातही कापतो आणि दरातही. पारख घरीच करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत दाणे आणि कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. त्याखाली मात्र दातच खरा, वाळलेला दाणा चावताना दबत नाही, कट्कन फुटतो.

पीक लवकर वाळावे म्हणून उभ्या सोयाबीनवर तणनाशक फवारा, ढिगावर बुरशीनाशक मारा, असे दुकानातून सुचवले जाते. यावर पैसे घालवू नयेत, त्याच रकमेत आणखी एक ताडपत्री येते. साठवणीच्या रिकाम्या खोलीतल्या किडीसाठी मॅलाथिऑन 50 टक्के प्रवाही 10 मिलि प्रतिलिटर पाण्यात मिसळून, 100 चौरस मीटरला 3 लिटर द्रावण भिंती आणि जमिनीवर फवारणे पुरेसे आहे, धान्यावर ते मारू नये. धान्यातली कीड मारण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीही ठेवू नयेत, त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

भुईमुगालाही कोंडलेला ढीग तितकाच घातक आहे. शेंगा पातळ थरात पसरून, ओलावा 8 टक्क्यांपर्यंत खाली येऊन दाणा आत खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात. काळ्या, बुरशी धरलेल्या शेंगा निवडून नष्ट कराव्यात आणि त्यांचे दाणे किंवा पेंड म्हशीच्या आंबोणात घालू नये, कारण त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते.