'मुद्दाम'साठी इंग्रजीत कुठला शब्द कुठे लिहावा

मराठीत 'मुद्दाम' म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात: हेतू होता का, आधी विचार केला होता का, आणि यात कुणाला दोष द्यायचाय का?

आधी प्रेमाचा मुद्दाम बाजूला काढा. 'मुद्दाम तुम्हाला भेटायला कोथरूडहून आलो' याचं 'आय डिलिबरेटली केम टू मीट यू' केलं, तर पाहुणा काही कुरापत काढायला आलाय असं वाटतं. पुण्यात सर्रास ऐकू येणारं 'पर्पजली केम'ही इथे नको. 'आय केम जस्ट टू सी यू' म्हणा, किंवा 'स्पेशली' वापरा.

रोजच्या बोलण्यात 'ऑन पर्पज' पुरतं. तो सहसा क्रियापदानंतर येतो: 'ही डिड इट ऑन पर्पज'. 'बाय पर्पज' चूक आहे; 'बाय मिस्टेक'च्या सवयीने ते तोंडात येतं. आपल्या हातून नकळत काही झालं असेल, तर 'सॉरी, आय डिडन्ट मीन टू' हे सगळ्यात सहज. ऑफिसच्या मेलमध्ये 'इट वॉज नॉट इन्टेन्शनल' चालेल. 'पर्पजफुली' म्हणजे मुद्दाम नव्हे, तर ध्येय डोळ्यासमोर ठेवून, ठामपणे. 'इन्टेन्टली' म्हणजे एकाग्रतेने. हे दोन्ही शब्द 'मुद्दाम'साठी घातलेले अर्जांत नेहमी दिसतात.

'इन्टेन्शनल' इतकंच सांगतो की हेतू होता. 'डिलिबरेट'मध्ये विचार करायला वेळ होता आणि तरीही केलं, हे येतं. म्हणून त्याचा आरोप जास्त जड. विशेषण असताना शेवट 'रिट'सारखा, आणि 'विचारविनिमय करणे' या अर्थाचं क्रियापद असताना 'रेट'सारखा उच्चारतात. जागाही सांभाळा. 'ही डिलिबरेटली डिड नॉट रिप्लाय' म्हणजे त्याने मुद्दाम उत्तर दिलं नाही. 'ही डिड नॉट रिप्लाय डिलिबरेटली' लिहिलं, तर उत्तर दिलं पण मुद्दाम नव्हे, असाही अर्थ निघतो. हिंजवडीतल्या मेलमधून होणारी भांडणं टाळायची असतील, तर क्रियाविशेषण 'नॉट'च्या आधी ठेवा.

खरी कसोटी तक्रारअर्जात लागते. समजा, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून तुमच्या छतावर ओल आलीये. दोनदा लेखी कळवूनही दुरुस्ती झालेली नाही. आपण रागाने लिहितो, 'ही इज डिलिबरेटली लीकिंग वॉटर'. हे टिकत नाही. पाणी गळावं अशी त्याची इच्छा होती हे तुम्ही कसं दाखवणार? त्याला माहीत होतं, हे मात्र पत्राची पोच दाखवून सिद्ध होतं. म्हणून 'नोइंगली' घ्या: 'ही हॅज नोइंगली लेफ्ट द लीक अनरिपेअर्ड डिस्पाइट टू रिटन नोटिसेस'. पुढे दोन्ही पत्रांच्या तारखा घाला. 'नोइंगली'त फक्त जाणीव सांगितलेली असते, हेतू नव्हे, आणि तेवढ्याने तुमचं काम होतं. दुरुस्ती करणं त्याला शक्य आहे, सांगितलंही आहे, तरी तो स्पष्ट नकार देतो, तेव्हाच 'विलफुल रिफ्यूजल' लिहावं.

'विलफुल' हा शब्द कायद्यात आणि बँकांत मुरलेला आहे. ऐपत असूनही कर्ज न फेडणारा तो 'विलफुल डिफॉल्टर'. न्यायालयाच्या अवमानाच्या १९७१च्या कायद्यातही 'विलफुल डिसओबीडियन्स' हेच शब्द आहेत. क्रिकेटच्या नियमांत फलंदाजाने क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद देताना 'विलफुली' पाहतात, तर ठरवून कमी पळलेल्या धावांसाठी 'डिलिबरेट शॉर्ट रन्स' असं म्हणतात. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'विलफुल'च्या पहिल्या भागात एकच 'एल' असतो, अमेरिकनमध्ये दोन. एका अर्जात दोन्ही नकोत. मुलाला 'विलफुल' म्हटलं, तर अर्थ हट्टी.

पोलीस किंवा कोर्टाच्या कागदात 'मुद्दाम मारलं' याचं 'व्हॉलंटरिली कॉज्ड हर्ट' दिसलं की लोक बुचकळ्यात पडतात, कारण व्हॉलंटरी म्हणजे स्वेच्छेने एवढंच ठाऊक असतं. भारतीय न्याय संहिता, २०२३च्या कलम २ मधली व्याख्या जास्त रुंद आहे: परिणाम घडवण्याचा हेतू असणं, किंवा आपल्या कृतीने तो घडण्याचा संभव आहे हे माहीत असणं, किंवा तसं मानायला कारण असणं. असा मजकूर भाषांतरित करताना 'व्हॉलंटरिली' बदलून 'इन्टेन्शनली' करू नका, अर्थ आकुंचन पावतो.

'प्रीमेडिटेटेड' फक्त वाईट कृत्यांसाठी: खून, हल्ला, कट. सहलीला तो लावू नये. तिथे 'प्लॅन्ड' पुरे. 'प्री-प्लॅन्ड'मधला 'प्री' बहुतेक वेळा फुकटचा असतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहणार असेल, तर सोसायटीच्या सूचनेत 'प्लॅन्ड' किंवा 'शेड्यूल्ड शटडाउन' लिहा. 'डिलिबरेट शटडाउन' वाचून सभासदांना वाटेल, कुणीतरी सूड उगवतंय.

'कॅल्क्युलेटेड' हा नफातोटा मोजून केलेल्या गोष्टीचा: 'कॅल्क्युलेटेड रिस्क' कौतुकाचं, 'कॅल्क्युलेटेड इन्सल्ट' दोषाचं. 'कॉन्शस' मात्र दोष देत नाही. साखर ठरवून कमी केली असेल, तर 'आय मेड अ कॉन्शस डिसिजन' म्हणा. नोकरीच्या मुलाखतीत क्षेत्र का बदललं असं विचारलं, तरी हेच वाक्य चालतं. त्यामागे लगेच कारण जोडा, नाहीतर पुढचा प्रश्न 'व्हाय' हाच येतो.